मागच्या तोंडाचा रंग

"बाबा, ही टाकी चालू असताना तुम्ही तिला टेकून डबा खाल?"

प्रश्न खरा लेकीच्या मैत्रिणींचा. टाकी वाफेची, बाबांच्या वर्कशॉपमध्ये बनत असलेली, आणि जाणार होती त्यांच्यातल्याच एकीच्या आईच्या लॉण्ड्रीत. "हिंमत असेल तर विचार!" म्हणून त्यांनी हिला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. तसं चढवायची गरजच नव्हती. वक्तृत्व स्पर्धा जिंकल्यापासून बाईसाहेब खाली उतरल्याच कुठे होत्या!

बाबा हसतील असं तिला वाटलं. त्यांनी पाना खाली ठेवला, पुन्हा उचलला. "घरी जा. अभ्यास नाही का?"

तिच्या मनात पाल चुकचुकली. एरवी टाकीचं नाव काढलं की बाबांचं बोलणं आवरावं लागे.

ती टाकीभोवती रेंगाळली. दाबाने पाणी भरून घ्यायच्या चाचणीआधी रंग लावायचा नाही, हा बाबांचाच दंडक. रंगाखाली गळती लपते. उद्या चाचणी, म्हणून टाकी अजून उघडीबोडकी. फक्त मागच्या तोंडाची फ्लँज, म्हणजे झाकण बोल्टांनी आवळायचं ते जाड पोलादी कडं, राखाडी रंगाने चकचकत होती. तिने नखाने खरवडलं. खाली कोरलेला दाबाचा आकडा दीडशे. बाकी सगळ्या तोंडांवर तीनशे!

जेवताना तिने विचारलंच. बाबांनी आईकडे पाहिलं. आईने भाजीकडे.

"रंग मी लावला," आई म्हणाली. वर्कशॉपमधलं रंगकाम तिचंच. "कमी दाबाची आली, वेल्डिंग झाल्यावर लक्षात आलं. आता कापायची तर सगळं पुन्हा, आणि टाकी वेळेवर द्यायची आहे. त्या तोंडाला पाइप लागत नाही, नुसतं झाकण. कोण बघतंय?"

"उद्या टिकेल ती," बाबा पुटपुटले.

"गार पाण्यात टिकेल! तापल्यावर फ्लँजची ताकद उतरते, तुम्हीच शिकवलंत ना? मग वाफ भरल्यावर? तिथे लॉण्ड्रीत काकू दिवसभर उभ्या असतात."

"शिंगं फुटली हिला," आई म्हणाली, पण आवाजात जोर नव्हता.

"खाल का डबा तिथे, बाबा?"

बाबांनी ताट बाजूला सारलं.

"मग ऐका दोघंही," ती ताटावरून उठली. "उद्या मी शाळेत जाणार नाही. चाचणीला तपासनीस येतील तेव्हा मागच्या तोंडापाशी उभी राहणार. तुम्ही आपणहून सांगितलंत तर मी गप्प. नाहीतर त्यांच्यासमोर उरलेला रंग मी खरवडणार."