संध्याकाळचं बटन

"दिवसभर चालते भाऊ, संध्याकाळीच नाई चालत," देवकाबाई दुसऱ्यांदा सांगत होत्या आणि मी दुसऱ्यांदा मान हलवत होतो. मशीनला सकाळ-संध्याकाळ कळत नाही, हे त्यांना कसं समजवायचं? वर्ध्याहून सावंगीकडे जाताना माझं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान लागतं. एकवीस वर्षं झाली. दुकानात चाललं म्हणजे चाललं, असा माझा खाक्या.

लॅपटॉप त्यांच्या मुलाचा, रत्नदीपचा. तो पुलगावला शाळेत विज्ञान शिकवायचा. तीन वर्षांपूर्वी अंगातली ताकद जायला लागली, मग वाचाही गेली. वय चौतीस. आता उजव्या हाताचं एक बोट तेवढं हलायचं. त्या बोटाखाली लॅपटॉपला जोडलेलं एक मोठं बटन ठेवलेलं असे. पडद्यावर अक्षरं एकामागून एक उजळत जायची, हवं ते उजळलं की त्यानं बटन दाबायचं. असा अक्षर-अक्षर जुळवून मास्तर बोलायचा.

देवकाबाई नाचणगावहून लॅपटॉप जुन्या लुगड्यात गुंडाळून आणायच्या. मी चालू करायचो, बटन लावायचो, टकटक दाबून बघायचो. झकास चालायचं. त्या दिवशी मला घाई होती आणि रागही आला होता, खोटं कशाला बोलू. डॉक्टर काय म्हणतात, एवढं विचारलं. ताकद हळूहळू कमी होत जाईल म्हणून सांगितलंय, असं त्या म्हणाल्या. झालं, मी निदान करून मोकळा.

"मावशी, मशीन चांगली आहे. संध्याकाळपर्यंत त्याचं बोट थकत असन."

"तो म्हणते, बोट नाई थकत."

"पेशंट असंच म्हणते."

देवकाबाईंनी लॅपटॉप परत गुंडाळला. लुगड्याची गाठ मारली आणि निघाल्या. 'बंद करून परत चालू करून बघा' हे वाक्य मी दिवसातून वीस वेळा गिऱ्हाइकांच्या तोंडावर फेकतो. त्यांना तेवढंही म्हणालो नाही. शहाणा ना मी!

चार महिन्यांनी पुलगावला एका शाळेत प्रिंटर बघायला गेलो. काम लवकर आटोपलं. नाचणगाव लागूनच, म्हटलं मास्तरला भेटून यावं. खाट बैठकीतच होती. लॅपटॉपवाले भाऊ आले, असं देवकाबाईंनी सांगताच रत्नदीपनं डोळे मिटून घेतले.

देवकाबाईंनी पाणी दिलं. संध्याकाळी आता बटन त्याच्या बोटाखाली ठेवतच नाही, असं त्या सांगू लागल्या. तुम्हीच म्हणालात ना थकते म्हणून, मग उगाच त्रास काऊन द्यायचा? सून भावना सावंगीला दवाखान्यात परिचारिका. पहाटे निघायची ती दिवेलागण झाल्यावर परतायची. म्हणजे नवरा-बायकोला बोलायला एक संध्याकाळ तेवढी होती, आणि तीच मी काढून घेतली होती. सुट्टीच्या दिवशी तो बोलायला लागला, तर भावनाच बटन बाजूला सरकवायची. ताकद जपा म्हणायची.

साडेसहाला देवकाबाईंनी बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावली, अगरबत्ती लावली आणि वंदनेला बसण्याआधी लॅपटॉपचं झाकण हळूच खाली केलं. रोजचंच होतं ते. समोर अक्षरं पळत असली की मन लागत नाही म्हणे. वंदना झाली, त्यांनी झाकण पुन्हा उघडलं.

झाकण! दुकानात चालू मशीनचं झाकण आम्ही लावतच नाही. मी उठलो आणि बटनावर माझं धडधाकट बोट ठेवलं. दाबलं. पडद्यावर काही नाही. वायर काढून परत लावली. काही नाही.

झाकण पडलं की मशीन झोपते. उठल्यावर कुठल्या खाचेत काय लावलंय, हे आतला बायोस नावाचा पक्का प्रोग्राम बाकीच्या सिस्टिमला सांगतो. या मॉडेलचा बायोस सांगायचा, खाच रिकामी आहे. रात्री मशीन बंद करून सकाळी नव्यानं चालू केली की खाच पुन्हा दिसायची, म्हणून दिवसभर चालायचं. कोतवालानं घर रिकामं सांगितलं की तलाठी तसंच लिहून टाकतो, मग आतला माणूस कितीही दार वाजवो. कंपनीनं हे मॉडेल कधीच वाऱ्यावर सोडलेलं, बायोस सुधारून मिळणार नव्हता. मी तिथेच बसून एक छोटा प्रोग्राम लिहिला. बायोसचं ऐकायचं नाही, दर दोन सेकंदांनी स्वतः जाऊन खाच तपासायची. तासाभराचं काम. चार महिन्यांपूर्वीही ते तासाभराचंच होतं.

दहा वेळा झाकण लावलं, दहा वेळा उघडलं. बटन चाललं. मग खाटेजवळ गेलो. 

"सर, तुमचं बरोबर होतं. चूक माही होती."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग नजर बटनाकडे नेली. देवकाबाईंनी ते उचलून त्याच्या बोटाखाली ठेवलं.

भावना आली ती सवयीनं सरळ स्वयंपाकघराकडे निघाली. सासूनं तिला थांबवून सगळं सांगितलं. तिनं खांद्यावरची पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही.

"म्हंजे तुमी बोलून राह्यले होते?" ती त्याला म्हणाली. "मले वाटलं, दिवसभरात सारं सरते. माह्यासाठी काई उरतच नाई."

त्याचं बोट हललं. 'आ' तिसऱ्या खेपेला लागला. मग बऱ्याच वेळानं 'ज'. मग 'का'. आम्ही तिघंही पडद्याकडे बघत होतो. त्यापुढे काही पडेना. अक्षरं उजळत होती, विझत होती.

"मशीन गेली का भाऊ?" भावनानं विचारलं.

मी वायर पाहिली, प्रोग्राम पाहिला. बटन माझ्या बोटानं दाबलं. पडद्यावर अक्षर उमटलं, ते मी पुसून टाकलं. बटन परत त्याच्या बोटाखाली ठेवलं. बोट थरथरत होतं, पण बटन खाली जात नव्हतं. मशीनमध्ये काहीच बिघडलेलं नव्हतं. या चार महिन्यांत बोटातलीच ताकद सरत आली होती. मी वायरशी उगाच चाळा करत राहिलो.

तिला समजलं. तिनं पिशवी खाली ठेवली, खाटेवर बसली आणि त्याचा हात मांडीवर घेतला.

"आज काय झालं, इचारता ना? सांगतो," ती म्हणाली.

आणि ती सांगू लागली. गिरडची एक म्हातारी वॉर्डात आली होती. कोणी दोन घास सोबत खाल्ल्याशिवाय ती गोळी घेईना, मग हिला आपला डबा तिच्यापाशी उघडावा लागला. येताना बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. काहीही गाळत नव्हती, चार महिन्यांचं साचलेलं होतं. देवकाबाई चहा ठेवायला उठल्या. रत्नदीप बायकोच्या तोंडाकडे बघत होता. मी बॅग भरली, आवाज न करता चपला घातल्या आणि बाहेर पडलो.