गाडीला थंडी वाजते

अखजी, म्हणजे खानदेशातली अक्षय्य तृतीया, माहेरवाशिणींच्या झोक्यांचा सण, तोंडावर आली होती आणि रुपचंदभाऊंची गाडी मेहरूणच्या बाजूला जीवराम मिस्त्रीच्या शेडमध्ये पडून होती. भाऊ रात्री जळगावातच मेहुण्याकडे राहिले, पण झोप कुठली लागायला! उजाडता उजाडता ते गॅरेजवर हजर झाले. जीवराम अजून यायचा होता. भाऊंनी शेडच्या इकडून तिकडे येरझारा सुरू केल्या. घाण्याच्या बैलालासुद्धा मधे उसंत मिळते, भाऊंना ती नव्हती.

कारणच तसं होतं. लेक कुंदा दोंडाईच्याला दिलेली. पहिलटकरीण, सातवा संपत आलेला. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीतच. पण आठवा लागला की गर्भारणीला हलवत नाहीत, हीही रीतच. डॉक्टरांनी एसटीचे आणि जीपचे हादरे नको म्हणून सांगितलेलं, आणि भर लग्नसराईत भाड्याची मोटार दामदुप्पट देऊनही मिळेना. उरली घरची गाडी. त्या गाडीने दिवाळीत नरडाण्याच्या पुढे असा दगा दिला होता, की कुंदाला ट्रकांच्या धुळीत रस्त्याच्या कडेच्या एका बाभळीपाशी तासन् तास उभं राहावं लागलं. तेव्हापासून विहीणबाई शेवंताबाईंचा एकच हेका: त्या डबड्यात आमची सून बसणार नाही. अखजीच्या आत नेली तर नेली, नाहीतर बाळंतपण दोंडाईच्यालाच.

आता गाडी डबडं मुळीच नव्हती. केनियातून परतलेल्या एका डॉक्टरने तिकडून आणलेली जपानी गाडी, दहा वर्षं जुनी असली तरी लोण्यासारखी पळायची. केळीचं साल चांगलं गेलं तेव्हा भाऊंनी ती हौसेने घेतली. तिला कार्बोरेटर नव्हता. किती पेट्रोल सोडायचं हे आतला कॉम्प्युटर ठरवायचा. गावात ही गोष्ट सांगताना भाऊंची छाती फुगायची. कॉम्प्युटर म्हणजे काय, हे विचारणाराही नव्हता आणि सांगणाराही नव्हता, त्यामुळे छान चाललं होतं.

पण गेलं वर्षभर तिला खोड लागली होती. सकाळी थंड असताना एका हाकेला सुरू व्हायची. तापली की पेट्रोलचा वास यायचा, मागून काळा धूर निघायचा, उचक्या द्यायची आणि फाटकाबिटकापाशी वेग कमी झाला की मटकन बंद. जीवरामने प्लग बदलले; पुन्हा काजळी. फिल्टर बदलला, टाकी धुतली, पंप बदलला. प्रत्येक वेळी म्हणाला, "आता बघायला नको!" आणि प्रत्येक वेळी बघावं लागलं.

येरझारा घालता घालता भाऊ थबकले. भिंतीच्या फटीतून लाल मुंग्यांची रांग निघाली होती. ती टायरवरून चढून उघड्या बॉनेटमध्ये शिरत होती. भाऊ वाकले. रांग इंजिनाच्या डोक्यावरच्या एका लहानशा टोपणापर्यंत जाऊन थांबत होती. तिथून दोन तारा निघाल्या होत्या, आणि त्यांच्याभोवती मुंग्यांची जत्रा भरली होती.

जीवराम आला तसा भाऊंनी त्याचा हात धरून त्याला ओढतच आणलं.

"हे पाह्य. हे काय आहे?"

"मुंग्या आहेत, भाऊ."

"अरे, त्या मलेबी दिसतात! त्या खाली काय आहे?"

जीवराम वाकला आणि बराच वेळ वाकूनच राहिला. मग त्याने मुंग्या झटकल्या, गाडी सुरू केली आणि चांगली तापू दिली. धूर आला, उचक्या आल्या. त्याने ते टोपण उपसून काढलं. इंजिनाला काही फरक पडला नाही, उचक्या तशाच.

"जिवंत तार काढली असती, तर इंजिनाला लगेच कळलं असतं," तो म्हणाला. "ही आधीच मेलेली आहे." टोपणाच्या आत हिरवा गंज चढला होता. "इंजिन किती तापलंय ते ही तार कॉम्प्युटरला सांगते. आता ती काहीच सांगत नाही, म्हणून त्याला वाटतं इंजिन गार पडलंय. बाहेर पंचेचाळीस डिग्री, आणि तुमच्या गाडीला वाटतंय बर्फ पडतोय! थंडी वाजते म्हणून नुसतं पेट्रोल पीत सुटली आहे. पण भाऊ, इथे गोडाधोडाचं सांडलं कसं?"

भाऊंचा चेहरा उतरला. त्यांनी टोपी काढली, झटकली, परत घातली.

"नारयाचं पानी," ते हळूच म्हणाले.

विहिरीवरच्या डिझेल इंजिनाला त्यांच्या वडिलांपासून दर अवसेला नारळ फुटायचा, आणि अर्धं पाणी इंजिनाच्या डोक्यावर जायचं. ते धूड कधी कुरकुरलं नाही. तीच माया भाऊंनी या गाडीला लावली. ती बंद पडू लागल्यावर तर दर खेपेला एक नारळ जास्त. जितकी बिघडे तितकं पाणी, आणि जितकं पाणी तितकी बिघडे. नरडाण्यापाशी लेक उन्हात उभी होती, ती बापाच्या भक्तीपायी. हे ध्यानात आलं तेव्हा भाऊंना तिथल्या तिथे धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

जीवरामला हसू फुटत होतं, पण भाऊंकडे बघून त्याने ते गिळलं. त्याने गंज खरवडला, नव्या तारा जोडल्या, टोपण घट्ट बसवलं. धूर हळूहळू विरळ झाला आणि थांबला.

"आता बघायला नको," तो म्हणाला. भाऊंनी तरी पुन्हा वाकून बघितलं.

गाडी घरी नेऊन दुसऱ्या दिवशी पहाटे ते एकटेच निघाले. शेजारच्या सीटवर सुंदरबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, सवयीने नारळ ठेवलेला होता. एरंडोल गेलं, पारोळा गेला. भाऊंचे डोळे रस्त्यावर आणि कान इंजिनात. धुळ्याला चहा प्यायला थांबले, तर गाडी बंद करायचा धीर होईना. चहा गाडीतच मागवला. नरडाण्याची ती जागा आली, तसा हात सवयीने शेजारच्या नारळाकडे वळायला लागला. त्यांनी दोन्ही हातांनी चाक आवळून धरलं.

दोंडाईच्याला शेवंताबाई ओट्यावरच उभ्या होत्या.

"भाऊ, गाडी बंद करू नका," त्या म्हणाल्या. "चालूच राहू द्या. जेवण व्हईपावत चालनी, तं मी पोरले बसाडसू. बंद पडनी, तं पोर आठेच राही."

झालं! जेवणं होईपर्यंत गाडी चालू राहिली तरच लेक मिळणार. भर उन्हात गाडी दारात घरघरत उभी, आणि भाऊ पाटावर. पुरणपोळी, आमरस, खापरावरचे मांडे, सगळं पुढ्यात होतं, पण घास तोंडातच फिरत होता. मधेच बाहेर मोठा घुर्र आवाज झाला आणि भाऊ उष्ट्या हाताने उठून दाराशी धावले. इंजिन गार करणारा पंखा नुसता सुरू झाला होता. आतून कुंदा बापाकडे बघत होती. तिची पेटी बांधून तयार होती, पण तिने ती अजून उंबऱ्याजवळ आणली नव्हती.

ताटं उचलली गेली. गाडी चालूच होती. शेवंताबाईंनी ओट्यावर येऊन कान दिला, मान डोलावली आणि सुनेची ओटी भरली. मग त्या आत गेल्या आणि मोठा, पाण्याने भरलेला नारळ घेऊन बाहेर आल्या.

"बॉनेट उघाडा," त्या हसून म्हणाल्या. "तुम्ही गाडीले नारयनं पानी पाजतस ना? कुंदा सांगे. मी भी पाजस. तुम्हना रिवाज शे, तो मोडानी काय गरज?"

रुसलेली विहीण सहा महिन्यांत पहिल्यांदा गोड बोलत होती. नाही म्हणावं तर अपशकुन, आणि हो म्हणावं तर पुन्हा बर्फ पडणार. भाऊ बॉनेटला पाठ लावून उभे राहिले. त्यांनी टोपी काढली आणि मान खाली घातली.

"तिले नका, विहीनबाई. माह्या डोक्यावर टाका. बिघाड माह्यातच व्हता."

शेवंताबाईंनी दगडावर नारळ फोडला आणि सगळं पाणी व्याह्याच्या टकलावर ओतलं. कुंदा पोट धरून हसली. दिवाळीनंतर ती अशी हसली नव्हती.

गाडी निघाली. भाऊंच्या मानेवरून पाणी सदऱ्यात उतरत होतं, चिकचिक होत होती. कुंदाने मागच्या सीटवर दाराची कडी धरली होती. नरडाणं जवळ येऊ लागलं, तशी तिची मूठ आवळत गेली. भाऊंना ते आरशात दिसत होतं. फाटकापाशी वेग कमी करावा लागला. इंजिन शांतपणे गुणगुणत राहिलं. फाटक मागे पडलं, ती बाभळ आली आणि गेली.

कुंदाचा हात कडीवरून सुटला.

"आबा," ती म्हणाली, "अखजीचा झोका बांधला का?"

"बांधला ना," भाऊ म्हणाले. "पन औंदा तू निसती पाह्यजो. बसायचं नही."