नैवेद्याचा प्रश्न

अणदूरच्या सप्ताहात कीर्तनाला कुणाला उभं करायचं, हे दगडोबा ठरवत. नव्या कीर्तनकाराला आधी एक प्रश्न घालायचा आणि उत्तर ऐकून सेवा द्यायची, ही त्यांची रीत. कारण माणूस एकदा नारदाच्या गादीवर उभा राहिला की तो वयानं केवढा का असेना, गावानं त्याच्या पायावर डोकं ठेवायचं. आपलं डोकं कुठं टेकतंय हे आधी बघून घ्यावं, असं दगडोबांचं म्हणणं.

यंदा लोहाऱ्याच्या हर्षालीताईंचं नाव आलं. वयानं लहान, वारकरी शिक्षणसंस्थेत शिकलेली. दगडोबांनी प्रश्न घातला, देवाला भूक लागत नाही तर नैवेद्य कशाला? मोबाईलवर उत्तर आलं ते इतकं नीटनेटकं, की मंडळाचा कारभार बघणारा मल्हार म्हणाला, "आबा, हे तिचं नसंल. मोबाईलमधी आता मशीन आलीया. काय बी इचारा, माणसावानी बोलती."

"बोलती म्हंजी तिला कळतं व्हय?"

"तिची पारख बोलण्यावरच करत्यात म्हणं. समोर माणूस हाय का मशीन हे बोलण्यावरून वळखू आलं न्हाय, तर मशीन हुशार."

दगडोबांना हे आपल्याच रीतीसारखं वाटलं. "मग घे परीक्षा. तोच प्रश्न मशीनला घाल. दोन्ही उत्तरं आमाला वाचून दाखव, कुठलं कुणाचं ते सांगू नको."

मल्हारनं मशीनला बजावलं, आमच्याकडच्या साध्या माणसासारखं आबांशी बोल. दुपारी देवळाच्या ओसरीत टाळकरी जमले आणि त्यानं वाचायला घेतलं.

पहिलं उत्तर असं होतं: "प्रश्न उत्तम आहे. नैवेद्याची तीन अंगे आहेत, अर्पण, शुद्धी आणि प्रसाद." मग प्रत्येक अंगाला दृष्टांत, दृष्टांतामागून सिद्धांत.

दुसरं उत्तर: "आबा, देवाला कशाची भूक? माझी आजी पहिली भाकर देवापुढं ठिवायची. म्या इचारलं तर म्हणायची, ताटाला हात लावायच्या आधी कुणाची तरी याद यावी, म्हणून."

पखवाज वाजवणारे सिद्रामप्पा उपरण्यानं डोळे पुसत म्हणाले, "दुसरं माणसाचं. पहिल्यात जीवच न्हाय."

सगळ्यांच्या माना डोलल्या. दगडोबांचीही. "दुसरं ताईंचं असंल तर सेवेचा नारळ द्यायला हरकत न्हाय," ते म्हणाले.

"दुसरं मशीनचं हाय, आबा."

दगडोबांनी मोबाईल हातात घेऊन उलटासुलटा करून बघितला. "मशीनला आजी कुठली?"

"रचली तिनं."

"म्हंजी माणसात बसायला ती खोटं बोलली, आन् आमी तिला पास केलं."

"पर रचायला बी अक्कल लागतीच की."

"लागत असंल. पर माझ्या प्रश्नानं ती मोजली कुठं? सिद्रामप्पा कशानं रडतो, एवढंच मोजलं गेलं."

"म्या एकटाच रडलो व्हय?" सिद्रामप्पा म्हणाले. "तुमच्या डोळ्यात काय मिरची गेली होती?"

दगडोबांनी हर्षालीला फोन लावला आणि झालं ते सगळं सांगितलं. "ताई, तुमी घरचं काईच कसं बोलला न्हाईत?"

"तुम्ही शास्त्र विचारलंत, आबा. आम्हाला उत्तर असंच द्यायला शिकवलंय. घरचं विचारलं असतं तर घरचं सांगितलं असतं."

"आन् हे आत्ता तुमीच बोलताय कशावरून?"

मग ती म्हणाली, "मी काहीही बोलले तरी तुम्ही आता हेच विचारणार. सेवा नका देऊ. पण नाही म्हणायचं ते मला समोर बघून म्हणा. सोमवारी संध्याकाळी लोहाऱ्यात माझं कीर्तन आहे."

सोमवारी दगडोबा मल्हारला घेऊन जीपनं लोहाऱ्याला गेले. पिशवीत नारळ होता, पण देण्याचं नक्की नव्हतं. ते पहिल्याच रांगेत बसले. पदराआड कानात वायर आहे का, यावरून त्यांची नजर हलेना. हर्षालीनं निरूपण सुरू केलं. तीच तीन अंगं, तेच दृष्टांत.

"बघा, पाठच हाय सगळं," मल्हार कानाशी पुटपुटला.

एवढ्यात बायकांच्या बाजूला एका बाईचं तान्हं लेकरू रडायला लागलं. चार माणसांनी वळून बघितलं, तशी बाई ओशाळून उठली.

"बसा, आक्का," हर्षाली म्हणाली. "रडू दे त्याला." आणि निरूपण तिथंच सोडून तिनं नामाचा गजर धरला, अगदी हळू, पाळणा हलवल्यागत. पखवाज खाली आला, टाळ खाली आले, सगळा मंडप त्या झोक्यावर म्हणायला लागला. लेकरू झोपलं. मग तिनं तशाच हळू आवाजात दुसरं अंग पुढं चालू केलं. शेजारच्याचे टाळ कधी हातात घेतले, ते दगडोबांना समजलं नव्हतं.

आरती झाल्यावर ते नारळ घेऊन पुढं गेले.

"आबा, शंका गेली का?" तिनं विचारलं.

"समदी न्हाय गेली. ऱ्हायलेली सप्ताहात तुमच्यासमोर बसून काढीन. याल ना?"

तिनं मान हलवून नारळ घेतला आणि वडीलमाणूस म्हणून पाया पडायला ती गादीवरून उतरू लागली.

"उतरू नका, ताई," दगडोबा म्हणाले आणि वाकले.