बिनआवाजाचा पंखा

पंचायत राजचं प्रकरण संपायला दोन पानं उरली असताना कॉम्प्युटर बंद पडला. डब्यातली घरघर थांबली आणि टिनाखालच्या त्या खोलीत एकदम सामसूम झाली. चंदा वाक्याच्या मध्येच थांबली.

“गेला,” ती म्हणाली. “भाऊजी, आजचंबी गेलं.”

खाटेवर बसलेल्या भूषणला ते तिच्या आधीच कळलं होतं. पाऊण तासाचं रेकॉर्ड केलेलं वाचन गेलं होतं, आणि आठवड्यातली ही तिसरी वेळ होती. मे महिन्यात लाखनीत दुपारी अंगणात पाय ठेवता येत नाही. त्या उन्हात टिनाच्या खोलीत जुना कॉम्प्युटर तापून बंद पडणार नाही तर काय!

भूषण चोवीस वर्षांचा होता. चौथ्या वर्षी गोवर झाला, त्यात त्याचे डोळे गेले. नागपूरला अंधांच्या शाळेत राहून तो शिकला, बी.ए. झाला आणि आता कारकुनाच्या परीक्षेची तयारी करत होता. पण त्या परीक्षेची पुस्तकं त्याला वाचता येतील अशी कुठं मिळत नव्हती. पडद्यावरची अक्षरं कॉम्प्युटर त्याला बोलून दाखवायचा, छापलेलं पुस्तक मात्र कोणीतरी वाचूनच दाखवावं लागे. ते काम त्याच्या वहिनीनं, चंदानं, घेतलं होतं.

चंदा लाखांदूरकडच्या एका खेड्यातली. बारावी झाल्यावर लग्न होऊन या घरी आली. सासू-सासरे आधीच गेलेले, मूलबाळ नाही. नवरा मनिष दिवसभर हायवेवरच्या दुकानात ट्रकच्या टायरांशी झटत असायचा. चंदाला वाचनाची भारी हौस. किराणा ज्या कागदात बांधून येई तो कागदही वाचल्याशिवाय ती फेकत नसे. त्यामुळे दुपारी भांडी झाली की ती तोंडातला सुपारी-तंबाखू-चुन्याचा खर्रा थुंकायची, चूळ भरायची, माइकसमोर बसायची आणि तासन्‌तास वाचायची. खर्र्याची सवय तिला माहेरापासून होती. धानाच्या रोवणीला चिखलात दिवसभर वाकायचं तर बायांना तोंडात काहीतरी लागतंच.

“नुसता बंद पडते म्हणून नाई, वहिनी,” भूषण म्हणाला. “चालते तवाबी तुमचा आवाज नीट येत नाही. गिरणीत उभं राहून बोलल्यावानी वाटते. दोन तास ऐकलं का डोकं धरते.”

रात्री जेवताना मनिषनं ते ऐकलं. तो म्हणाला, “पंखे बदला ना त्याचे. भंडाऱ्याले जा दोघं. मले दुकान सोडता येत नाही, नाहीतर मीच नेलं असतं.”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं दोघं निघाले. डबा चादरीत बांधून चंदानं मांडीवर घेतला होता.

भंडाऱ्याच्या बाजारातलं ते दुकान परसराम नावाच्या माणसाचं होतं. पन्नाशीचा, पूर्वी रेडिओ दुरुस्त करणारा. त्यानं डबा उघडला आणि आत फुंकर मारली, तशी धूळ उडून तिघंही शिंकले.

“याच्यात हवा जाईनच कशी?” तो म्हणाला. “प्रोसेसरवरचा पंखा साफ करून देतो, पेस्ट नवी लावतो. बाकी दोन नवे टाका. एक समोरून हवा आत घेईन, एक मागून बाहेर फेकीन. हा पाहा, निळ्या लाइटवाला. दिसाले लय मस्त…”

बोलता बोलता त्याची नजर भूषणच्या डोळ्यांकडे गेली आणि तो ओशाळला.

“मले दिसन ना,” चंदा हसून म्हणाली. “पण आमाले दिसाले नको. आवाज नाही पाह्यजे.”

“आवाज तं सगळेच करतात, बाई. कोणी कमी, कोणी जास्त.”

“मंग ऐकून घेऊ,” भूषण म्हणाला. “तुमचा कूलर जराकसा बंद करता काय?”

अशा उन्हात कूलर बंद करायला सांगणारं गिऱ्हाईक परसरामनं पाहिलं नव्हतं. पण त्यानं कूलर बंद केला, रस्त्याचा गोंगाट नको म्हणून शटरही अर्धं खाली ओढलं. एक एक पंखा काढून तो काउंटरवर चालवू लागला. भूषण आधी पंख्यासमोर तळहात धरून हवा किती येते ते बघे, मग कान जवळ नेई. मग म्हणे, “वहिनी, आता वाचा.”

काउंटरवर एक लग्नपत्रिका पडली होती. चंदा तीच वाचू लागली. “आमचे येथे श्रीकृपेकरून…” एकाच नवरदेवाचं लग्न तिनं सहा-सात वेळा लावलं आणि शेवटी तिला हसू आवरेना.

तिसऱ्या पंख्याला भूषणनं मान हलवली. “याच्यात टिकटिक आहे.”

“नाही, बाप्पा. नवा डबा फोडला तुमच्यासमोर.” परसरामनं पंखा कानाला लावला. बराच वेळ तो तसाच उभा राहिला. “आहे खरी,” तो हळूच म्हणाला. “तीस वर्षं कानानंच धंदा केला, मले नाही आली ऐकू.”

शेवटी दोन उरले, दोन्ही मोठ्या पात्यांचे. पाती मोठी असली की पंखा हळू फिरूनही तेवढीच हवा देतो, असं परसरामनं समजावलं. त्यातल्या एकात छऱ्यांचं बेअरिंग होतं. तो बारीक गुणगुणायचा, पण चार-पाच वर्षं टिकणारा होता. दुसऱ्यात साधं बेअरिंग होतं आणि तो चालू आहे की बंद हेही कळत नव्हतं.

“पण याचं तेल आपल्या उन्हात वर्ष-दीड वर्षात सुकते,” परसराम म्हणाला. “मंग असा खरखरते, का विचारू नका. मी म्हणीन, टिकाऊ घ्या.”

“मले एकच वर्ष पाह्यजे,” भूषण म्हणाला. “परीक्षा तोवर होऊन जाते. बिनआवाजाचा द्या. समोर हा, आन मागं याच जातीचा लहान.”

त्या दिवसापासून काम सुरळीत चालू झालं. कॉम्प्युटर बंद पडेना. कानाला हेडफोन लावला की चंदाचा आवाज स्वच्छ यायचा. पान उलटल्याची सळसळ, मध्येच घेतलेला पाण्याचा घोट, वाक्य चुकल्यावर “थांबा, परत वाचते,” हेही सगळं यायचं. जून-जुलैत तिनं तीन पुस्तकं संपवली. भूषण ती दुप्पट वेगानं ऐकायचा आणि त्याला ती पानंच्या पानं पाठ झाली.

ऑगस्टमध्ये एकदा ऐकताना तो थांबला. वहिनीच्या ‘कलम’मधला ‘ल’ नीट लागत नव्हता. ‘मंडळ’मधला ‘ळ’ तर जिभेवरून घसरल्यासारखा वाटत होता. त्यानं जूनचं वाचन लावलं, मग आजचं लावलं. फरक थोडासाच होता. घरात रोज बोलताना कोणाच्या लक्षात आला नसता. त्या घरघरणाऱ्या जुन्या पंख्यांमागे त्यालाही तो ऐकू आला नसता.

“वहिनी, तोंड आलं काय?” त्यानं विचारलं.

“हाव. चुना लागला असन. जिभेच्या कडेले जराकसं झोंबते.”

“डॉक्टरले दाखवाचं होतं.”

“दाखवू ना. पुस्तक होऊ द्या.”

त्यानं ते होऊ दिलं. दोन पुस्तकं बाकी होती आणि परीक्षा नोव्हेंबरात. सप्टेंबरात तिला ‘र’ही जड जाऊ लागला. ती हळू वाचायची आणि मधे मधे थांबायची. भूषणला सगळं ऐकू येत होतं. दादाला सांगावं, असं रोज मनात यायचं. आणि दुपारी ती माइकसमोर बसली की त्याच्या तोंडून निघायचं, “आज किती पानं होतीन, वहिनी?”

परीक्षा झाली. लेखनिकाला उत्तरं सांगताना त्याला कुठंच अडायला झालं नाही. प्रश्न ऐकला की चंदाच्या आवाजातलं पान पुढं येई.

त्यानंतर आठवड्यानं चंदा वरणभातही खाईना, तेव्हा मनिष तिला भंडाऱ्याला घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरनं तोंड बघितलं आणि त्याच दिवशी नागपूरला पाठवलं. जिभेचा कॅन्सर होता आणि गळ्याच्या गाठींपर्यंत गेला होता. डिसेंबरात ऑपरेशन झालं. अर्ध्याहून जास्त जीभ काढली.

ती घरी आली तेव्हा तिच्या बोलण्यात नुसते स्वर उरले होते. मनिषला एक शब्द लागत नसे. ती वहीवर लिहून द्यायची, पण मनिष चौथीत शाळा सोडलेला. ट्रकचे नंबर तो झटकन वाचायचा, वाक्य समोर आलं की त्याला घाम फुटे. शेजारच्या बाईला वही दाखवायची त्याला लाज वाटायची. आणि भूषणला तर वही दिसतच नव्हती.

पण भूषणला ती बोललेलं कळत होतं. सहा महिने तो रोज तासन्‌तास तिचाच आवाज ऐकत आला होता. कोणत्या शब्दाला ती कुठं श्वास घेते हे त्याला माहीत होतं. ती काही बोलली की तो सांगायचा, “पाणी कोमट पाह्यजे म्हणते, दादा.” “उशी खाली घे म्हणते.” “दुकान उघड म्हणते, घरी बसू नको.”

मनिष तिच्याकडे बघत असायचा आणि ऐकायचा भूषणचं. पण नवरा-बायकोत जे बोलायचं असतं ते ती दिरासमोर कसं बोलणार? ते ती बोलेनाशीच झाली.

फेब्रुवारीत निकाल लागला. भूषण पास झाला होता. चंदानं त्याचा हात धरला आणि थांबत थांबत काहीतरी सांगितलं.

“काय म्हणते?” मनिषनं विचारलं.

“म्हणते, पेढे आणा. खाता नाही आले तरी वास घेईन म्हणते.”

मार्चमध्ये पवनीला रुजू व्हायचा आदेश आला. मी नाही जात, असं तो म्हणाला, तर चंदा इतकी चिडली की तिचं बोलणं सांगायची गरजच पडली नाही. तो गेला. ऑफिसजवळ खोली घेतली. शनिवारी संध्याकाळच्या एसटीनं तो लाखनीला यायचा. आठवडाभराचं साठलेलं चंदा सांगायची, तो मनिषला सांगायचा. पण दर खेपेला तिचा आवाज आणखी खाली गेलेला असायचा.

एप्रिलच्या एका मंगळवारी सकाळी ती गेली. भूषण पोचला तेव्हा तिला बाहेर अंगणात आणलं होतं.

दीड महिन्यानं एका रविवारी मनिष काही न कळवता पवनीला आला. भूषणनं चहा टाकला. मनिष भिंतीला टेकून बसला. चहा संपल्यावर म्हणाला, “तुले एक विचाराचं होतं.”

“विचार ना.”

“त्या दिवशी पहाटे ती मले काहीतरी म्हणे. दोनदा म्हटलं तिनं. पेन धराची ताकद नव्हती. मी आपला हाव हाव केलं. तिले वाटलं, मले समजलं. मले नाई समजलं, भूषण. मी तुले म्हणून दाखवतो, तू सांग.”

आणि त्यानं तसा आवाज काढला. दोन लांब स्वर, मग एक आखूड, मग घशातला हुंकार.

भूषण मान खाली घालून ऐकत होता. “परत म्हण.”

मनिषनं परत म्हटलं. या वेळी दुसरंच झालं. तिसऱ्यांदा आणखी वेगळं. ते चंदाचं बोलणं नव्हतं, मनिषचं होतं. तिचा श्वास त्यात नव्हता.

काहीतरी सांगून टाकावं, असं भूषणच्या मनात आलं. ‘जेवत जा’ म्हणाली असेल, ‘जपून राहा’ म्हणाली असेल, दादानं विश्वास ठेवला असता. पण तिच्या नावावर त्यानं आजवर एकही शब्द आपल्या मनचा सांगितला नव्हता.

“नाही समजत, दादा.”

मनिषनं मान हलवली असावी.

“दादा, मलेबी एक सांगाचं आहे,” भूषण म्हणाला. “ऑगस्टमध्येच मले ऐकू आलं होतं. तिची जीभ जड झाली होती. मी एकदाच म्हटलं डॉक्टरले दाखवा, मंग नाई म्हटलं. मले पुस्तक पुरं पाह्यजे होतं. तुले सांगतलं असतं तं…”

दादा उठून जाईल, निदान ओरडेल, असं त्याला वाटलं.

मनिष हलला नाही. तो म्हणाला, “खर्रा कोण आणून देत होतं तिले? मीच ना. दुकानासमोरच्या ठेल्यावरून रोज दोन पुड्या. खिशातून काढल्या का तिचं तोंड फुलाचं. तेवढ्यासाठी मी आणत होतो.”

मग तो रडू लागला. चंदा गेली त्या दिवशी सगळ्यांसमोर तो रडला नव्हता. भूषण चाचपडत त्याच्याजवळ गेला आणि त्याला धरून बसला. दोघांपैकी कोणीच कोणाला ‘तुझी चूक नाही’ म्हटलं नाही.

उन्हं उतरल्यावर मनिषनं तोंड धुतलं. सोमवारी दुकान उघडायचं होतं. भूषण त्याच्या खांद्यावर हात ठेवून स्टँडपर्यंत गेला. बस लागलेलीच होती.

“पुढच्या शनिवारी येतं काय?” मनिषनं पायरीवरून विचारलं.

“येतो.”

“ये,” मनिष म्हणाला. “घरी कोणीच बोलत नाही.”

कंडक्टरनं घंटी दिली. बस वळून रस्त्याला लागेपर्यंत भूषण तिथंच उभा होता.