आधी व्होल्टेज, मग वेग

परभणीच्या स्टेशन रोडवर दिनकररावांचं इलेक्ट्रॉनिक्सचं वर्कशॉप होतं आणि नागनाथ तिथला सगळ्यात जुना माणूस. कापसाच्या गंजीत सळई खुपसून आतली गरमी मोजणारं आणि गरमी वाढली की घंटा वाजवणारं यंत्र त्यानंच बनवलं होतं. ओलसर कापूस आतल्या आत तापतो, म्हणून जिनिंगवाल्यांना कायम आगीची धास्ती. लाइटचा भरवसा नाही, तेव्हा यंत्र बॅटरीवर चालायचं. आणि बॅटरी आठवड्यात बसायची.

"बॅटऱ्या बदलायला काय गडी ठेवू का मी?" जिंतूरच्या जिनिंगचे मालक भगवानराव वैतागून म्हणाले. "लय झालं आता."

दिनकररावांनी ते यंत्र दुरुस्तीला दिलं ते नागनाथला नाही, पंचफुलाला. ती पालमच्या एका मास्तरांची मुलगी. औरंगाबादेत शिकून एक्क्याण्णवच्या उन्हाळ्यात नुकतीच कामाला लागलेली. थोड्याच दिवसांत तिनं दुखणं शोधलं.

"चिप अधूनमधून एकदा गरमी मोजती आणि बाकी वेळ नुसतीच पळायलीय," ती म्हणाली. "काम नसताना तिचा वेग उतरवू. सावकाश चालली की तिला कमी व्होल्टेजही पुरतं. मेमरीला मात्र पूर्ण लागतं, तर तिची लाइन वेगळी काढू. सळईला मोजण्यापुरतंच चालू ठेवू."

"वा पंचफुला, क्या बात हाय!" दिनकरराव खुर्चीतून उठून म्हणाले.

नागनाथच्या हातातला चहा तसाच निवला. यंत्र जन्माला घातलं आपण, आणि आपल्यासाठी या माणसानं कधी खुर्ची सोडली नव्हती.

त्या संध्याकाळी घरी जेवताना नागनाथच्या वडिलांनी सहज विचारलं, "नवी बाई आलीय म्हणं. कुणाची हाय?"

त्या वर्षांत परभणीत हा प्रश्न साधा नव्हता. विद्यापीठाच्या नामांतरावरून गावागावांत मनं फाटली होती. पंचफुला बौद्ध घरातली आहे एवढं सांगितलं, की पुढचं वडील आपणहून बोलतील आणि ते ऐकून आपल्याला बरं वाटेल, हे नागनाथला पक्कं ठाऊक होतं. ओठावर आलेलं त्यानं घासाबरोबर गिळलं. "पालमची," एवढंच म्हणाला. पण आग काही विझली नाही.

दुसऱ्या दिवसापासून तो तिच्या यंत्रात खोट हुडकू लागला. सगळे जेवायला गेले की यंत्र आपल्या टेबलावर घ्यायचा. गरम करून बघितलं, हलवून बघितलं. यंत्र ठणठणीत. शेवटी सोमवारी त्यानं कोपऱ्यातली एक अर्धमेली बॅटरी जोडली, आणि यंत्र मोजायला जागं होता होताच गपकन अडकलं. सळई तापवली, तरी घंटा मुकी.

कारण त्याच्या लगेच ध्यानात आलं. जागं होताना पंचफुलाचा प्रोग्राम व्होल्टेज आणि वेग एकदमच वाढवत होता. ताज्या बॅटरीवर ते खपून जायचं. दमलेल्या बॅटरीवर व्होल्टेज हळू चढतं. वेग आधीच वर गेलेला, चिप गोंधळून बसते.

नागनाथला इतका आनंद बऱ्याच वर्षांत झाला नव्हता. त्यानं ताजी बॅटरी परत जोडली आणि गप्प राहिला.

शुक्रवारी भगवानराव यंत्र न्यायला आले. दिनकरराव पंचफुलाचं कौतुक सांगत असताना नागनाथ पुढं झाला, सगळ्यांसमोर जुनी बॅटरी जोडली आणि यंत्र अडकवून दाखवलं.

"आणि हे माझ्या गंजीत लावणार होते तुमी?" भगवानरावांचा आवाज चढला.

पंचफुलाचा चेहरा उतरला. पण ती लगेच यंत्रावर वाकली. "जागं होताना अडकायलंय," ती स्वतःशीच म्हणाली.

"आधी व्होल्टेज चढवायचं, ते थिरावलं की मग वेग," नागनाथ ऐटीत म्हणाला. "उतरताना उलट."

"उतरताना तसंच केलंय मी. चढताना चुकलं." तिनं मान हलवली. "आज बदलते."

दिनकरराव मात्र नागनाथकडं बघत होते. "तुला कधी घावलं हे?"

"सोमवारी."

"मग चार दिवस काय करायलास?"

नागनाथ जुनी बॅटरी सोडवू लागला. भगवानरावांनी टोपी सारखी केली आणि दुसरीकडं बघितलं. ज्या घटकेची नागनाथनं चार दिवस वाट पाहिली होती, ती अशी त्याच्याच अंगावर आली.

यंत्र दुरुस्त होऊन जिंतूरला गेलं. बॅटरी हंगामभर टिकली. माघात एका सकाळी घंटा वाजली, गड्यांनी गंजी उपसली तर आत हात लावू नये इतका कापूस तापलेला. भगवानराव पेढे घेऊन आले ते थेट पंचफुलाच्या टेबलाशी.

"घंटा वाजली ती नागनाथभाऊंमुळं," ती म्हणाली. "बॅटरी उतरत आली होती तेव्हा. त्यांनी चूक काढली नसती तर यंत्र अडकलं असतं."

भगवानरावांनी नागनाथच्या हातावर पेढा ठेवला. त्यानं तो तसाच टेबलावर ठेवला. मोठेपणा मिळाला, तोही तिच्या हातून.

थोड्या वेळानं पंचफुलानं नव्या यंत्राचा नकाशा त्याच्यासमोर पसरला. "बघता का? तुमच्याइतकं बारकाईनं कुणी बघत न्हाई."

हा टोमणा की विश्वास, त्याला कळेना. तो बघत बसला. दुपार कलताना एक चूक सापडली. बारीकशी, पण चूकच. हातातल्या पेन्सिलीनं त्यानं चुकीभोवती गोल केला. मनातली जळजळ जशीच्या तशी होती.

मग नकाशा घेऊन उठला आणि तिच्या टेबलाकडं गेला.