सतरा वर्षांचा ताणा

वडगावच्या गल्लीतली लाईट गेली की कानांना चुकल्याचुकल्यासारखं होतं. सकाळपासून घरोघरी खडखडणारे माग एका दमात गप्प होतात आणि मग शेजारच्या न्हाणीतली ठिबकणारी तोटीसुद्धा ऐकू यायला लागते. त्या दिवशी तसल्या शांततेत आतल्या खोलीतून कात्रीचा आवाज आला. कच्च. जरा थांबून पुन्हा, कच्च, कच्च.

पूर्णिमा स्वयंपाकघरात आईबरोबर शेंगांची चटणी डब्यात दाबून भरत होती. चार दिवसांनी जपानचं विमान होतं. एरवी तिला वाटलं असतं, अव्वा वाकळेसाठी जुनं लुगडं कापत असेल. पण अव्वा, म्हणजे तिची आई मालुबाई, तर समोरच पाटावर बसली होती. दोघींनी एकमेकींकडं बघितलं आणि पूर्णिमा हातातल्या चमच्यासकट उठली.

मागाच्या खोलीत तिचा नवरा परशराम शर्टाच्या बाह्या दुमडून उभा होता. एका हातात अव्वाची शिवणाची कात्री, पायाशी ग्रीसचा डबा आणि चिंध्यांचा गोळा. चेहऱ्यावर घाम आणि समाधान.

"काढून दिली बघ तुझी साडी," तो म्हणाला. "आता सगळं पुसून ग्रीस लावतो. दोन वर्सं गंज धरणार न्हाय."

शेवटची साडी घडीसारखी करून त्यानं खुर्चीवर ठेवली होती. तिच्या एका टोकाला कापलेल्या धाग्यांची जुडी लोंबत होती. मागावरच्या बारीक तारा, ज्यांच्या नेढ्यांतून एकेक धागा गेलेला असतो, त्या रिकाम्या लटकत होत्या. पुढची फणीही रिकामी. पूर्णिमानं हात पुढं केला आणि तारांवरून एकदा बोटं फिरवली, लेकीचे, तेजूचे केस विंचरून झाल्यावर फिरवायची तशी.

आता परशरामाला काय ठाऊक. तो खानापूरकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, उद्यमबागेतल्या कारखान्यात मशीनवर मोठा झालेला. त्याच्या कामात मशीन बंद ठेवायचं म्हणजे आधी रिकामं करायचं, पुसायचं आणि तेल लावायचं. मागाचं उलटं असतं. माग कधी रिकामा करायचा नसतो. बीमावरचा, म्हणजे मागच्या रुळावर गुंडाळलेला, उभ्या धाग्यांचा ताणा संपत आला की धाग्यांची शेपटं तारांत तशीच ठेवायची, नवं बीम मागं चढवायचं आणि नव्याचा एकेक धागा जुन्याच्या शेपटाला बोटांनी पिळून जोडायचा. मग जुना पुढं ओढला की नवा आपोआप त्याच्या मागून आपल्या जागेवर येऊन बसतो. विणकराच्या घरातली सहा वर्षांची पोरगीही शेपटाला कात्री लावत नाही.

या मागावरचा ताणा आप्पांनी, पूर्णिमाच्या वडिलांनी, ती दहावीला होती त्या वर्षी तारांतून ओढला होता. एकेक धागा आपल्या हातानं. त्यानंतर सतरा वर्षं नुसतं जोडत आलेले. आप्पांना जाऊन नऊ वर्षं झाली, चारांतले तीन माग विकले गेले, पूर्णिमाचं लग्न होऊन ती अनगोळला राहायला गेली, तेजू झाली. हा एक माग तेवढा चालू राहिला. तेजूला शाळेत सोडून ती रोज स्कूटीवरून इथं यायची आणि दुपारपर्यंत विणायची. खडेबाजारातला दुकानदार तिच्या साडीचा काठ बोटात धरूनच ओळखायचा. आणि प्रत्येक साडी, कितीही लांबून का असेना, आप्पांनी ओढलेल्या धाग्याला जोडलेली होती.

हे तिनं नवऱ्याला कधी सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं आहे असंच वाटलं नव्हतं.

ते अव्वानं सांगितलं. ती दाराला धरून उभी राहिली, डोळे बारीक करून मागाकडं बघत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, पण रिकामी तार तिला दिसली.

"पावणं," ती जावयाला हळूच म्हणाली, "सतरा वर्सं यात धागा होता. त्येनी घातलेला."

परशराम आधी सासूकडं, मग बायकोकडं बघत राहिला. मग त्यानं कात्री खिडकीत ठेवली, अगदी आवाज न करता, आणि चिंधीनं हात पुसत बसला. हात केव्हाच स्वच्छ झाले होते.

त्याच्या बदलीचं ठरून तीन महिने झाले होते. कंपनीचा जपानमध्ये नागोयाजवळ भागीदारीतला कारखाना, दोन वर्षांसाठी तिथं माणूस हवा होता. परशरामानं घरी येऊन चपला काढायच्या आधी दारातूनच सांगितलं. घराण्यातलं कुणी हुबळीच्या पलीकडं नोकरीला गेलं नव्हतं. पूर्णिमालाही आनंद झाला, खोटं कशाला. मग कागदपत्रं सुरू झाली. व्हिसा त्याचा कामाचा. तिचा आणि तेजूचा त्याच्यावर अवलंबून असलेल्यांचा. काम करायचं तर वेगळी परवानगी मागायची, असं एजंटाच्या पोरीनं समजावून सांगितलं आणि वर म्हणाली, तुम्हाला कशाला लागणार ती. परशरामही तेच म्हणायचा, प्रेमानं म्हणायचा, तिथं तुला काही करायला लागणार न्हाय, लई राबलीस. ती हसायची. आणि मनाशी एवढंच ठरवायची की बीमावर पाच-सहा वार ताणा राहू द्यायचा, वर जुनं लुगडं झाकायचं आणि जायचं. परत आलं की झाकण काढून बसायचं. तेवढ्या आधारावर तिनं बॅगा भरायला घेतल्या होत्या.

बीमावर ताणा अजून होता, पण तारांतून सुटलेला. अव्वा म्हणाली, आता आल्यावरच ओढू. पूर्णिमानं मान हलवली. काठाचा क्रम, कुठला धागा कुठल्या तारेत, तो फक्त अव्वाच्या डोक्यात होता. तिनं स्वतः कधी ओढलाच नव्हता, कायम जोडलेलाच. दोन वर्षांनी अव्वाचे डोळे कसे असतील, अव्वा कशी असेल, हे दोघींनाही बोलायचं नव्हतं.

"आताच ओढते," ती म्हणाली.

"एकटी?" परशरामानं विचारलं.

ओढायला दोन माणसं लागतात. एक मागं बसून एकेक धागा सुटा करून पुढं देतो, दुसरा समोरून आकडी घालून तो नेढ्यातून काढून घेतो. पूर्वी आप्पा ओढायचे आणि अव्वा द्यायची. तीन हजारांच्या आसपास धागे.

"तुम्ही द्या," पूर्णिमा म्हणाली.

त्यानं कारखान्यात फोन करून दोन दिवस मागून घेतले. बँक, डॉक्टरचा दाखला, दोन काकांकडचं जेवण, सगळं पुढं ढकललं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मागाच्या मागच्या बाजूला, बीम आणि भिंत यांच्यामधल्या हातभर जागेत, तो पाय दुमडून बसला.

पहिला तास वाईट गेला. त्याची बोटं जाड, लोखंडाला सरावलेली. एका वेळी दोन-दोन धागे यायचे, नाहीतर हातातून निसटायचे. अव्वा शेजारी बसून काठाचा क्रम सांगत होती, पुढची तार, तिसरी, पुन्हा पुढची, मागची, पाठ केलेल्या आरतीसारखं एका लयीत. मधेच अडखळली की डोळे मिटायची, हवेत बोटं हलवायची आणि बोटांना आठवायचं. पूर्णिमा तो क्रम वहीत लिहून घेत होती आणि ओढतही होती.

शेजारची बायाक्का हळदीच्या निमित्तानं डोकावली आणि दारातच कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"मालुबाई, जपानचा सायेब धागं देतोय व्हय गं? पगार काय ठरवलास?"

"दोन वेळचं जेवण," परशराम आतूनच म्हणाला.

"लई झालं. मागच्या गड्याला एकदाच घालत होती." बायाक्का खळखळून हसली आणि हळद विसरूनच गेली.

दुपारनंतर त्याचा हात बसला. धागा आपोआप यायला लागला, ती आकडी घालायच्या आतच तो नेढ्यापाशी हजर असायचा. तारांच्या पडद्यातून तिला त्याचं तोंड तुकड्यातुकड्यांनी दिसत होतं. असं समोरासमोर, काही न करता म्हणजे एवढं सगळं करत, ते किती दिवसांनी बसले होते. अव्वा पडायला आत गेली होती.

"तू एवढी गप्प का बसलीस काल?" त्यानं विचारलं. "चार शिव्या घालायच्या होत्यास."

तिनं तीन धागे काढून घेतले, मग बोलली.

"तुम्ही ग्रीस घेऊन आलता. शिव्या कशा घालू?" आणि मग, आकडीकडं बघत, "तुम्ही म्हणता तिथं काही करायला लागणार न्हाय. मला त्याचीच भीती वाटते. सकाळी तुम्ही गेलात, तेजू गेली, मग मी? इथं मी दमते, पण संध्याकाळी बघितलं तर हातभर कापड वाढलेलं असतं."

परशरामाच्या बोटात एक धागा तसाच राहिला. तो समजूत घालेल, परवानगीचं बघू म्हणेल, असं तिला वाटलं.

"मग मी काय करू?" त्यानं विचारलं, खरंच कळत नसल्यासारखं.

"धागा द्या," ती म्हणाली.

त्यानं धागा दिला.

दुसऱ्या दिवशी उतरत्या दुपारी शेवटचा काठ ओढून झाला. शाळेतून आलेली तेजू, दप्तर न काढताच, मागाजवळ येऊन बसली होती. पूर्णिमानं सगळे धागे फणीच्या दातांतून जोडीजोडीनं काढले, पुढं बांधले, बटण दाबलं. सगळ्या गल्लीच्या खडखडाटात एक खडखडाट वाढला. चार बोटं कापड झाल्यावर तिनं माग थांबवला. अव्वानं वाकून काठावरून अंगठा फिरवला आणि एका जागी थांबली.

"हितं उलटापालट झालीया."

दोन धागे एकमेकांच्या जागी गेले होते. परशराम म्हणाला, राहू दे की, कुणाला दिसतंय. दोघी मायलेकींनी एकदमच त्याच्याकडं असं बघितलं की तो निमूट पुन्हा मागं जाऊन बसला. धागे सोडवले, परत ओढले. या खेपेला काठ सरळ आला.

आप्पांचा हात त्यातून निघून गेला होता, तो काही परत आला नव्हता. अव्वा तेवढ्यासाठी पदर डोळ्यांना लावून आत गेली, आणि आत गेल्यावर चहाचं आधण ठेवल्याचा आवाज आला. पूर्णिमा मागावर जुनं लुगडं पसरायला लागली. एक टोक तिच्या हातात, दुसरं परशरामाच्या. तिच्या बोटांची टोकं आकडीनं सोलवटली होती, पण दोन महिन्यांत पहिल्यांदा तिला जेवणाची भूक लागली होती.

बाबा मागून देतोय, आई पुढून घेतेय, हे तेजूनं गुडघ्यांवर हनुवटी टेकवून शेवटपर्यंत बघितलं होतं. आता ती उठली, आईच्या मोकळ्या हाताचं बोट धरलं आणि लुगड्याखाली झाकलेल्या मागाकडं बघत म्हणाली,

"आई, तिकडं बाबा कामाला गेल्यावर तुला धागा कोण देणार गं?"