कच्चं, भाजलेलं, करपलेलं

फुलाबाईनं उखळात भाजलेले शेंगदाणे ओतले, मुसळ उचललं आणि पहिलाच घाव असा घातला, की भिंतीला टेकून बसलेला तिचा नवरा मायाप्पा दचकला. त्याला आधीच घाम फुटलेला होता. अकराच्या एसटीनं त्याची थोरली बहीण चंद्रव्वा अक्कलकोटाकडून यायची होती आणि त्याचा अभ्यास काही झालेला नव्हता.

“पुन्यांदा सांग,” तो लेकीला म्हणाला.

सोनालीनं चौथ्यांदा सुरुवात केली.

“समुद्रात बारीक शेवाळ असतं, आप्पा. डोळ्यांना दिसणार नाही एवढं. ते मरतं आणि तळाच्या चिखलात जाऊन बसतं. तिथं हवा पोचत नाही, म्हणून ते कुजून संपत नाही. वर गाळ चढत राहतो, कोट्यवधी वर्षं. चिखलाचा खडक होतो आणि त्यातल्या शेवाळाचं होतं केरोजन. घट्ट, मेणासारखं. ते आणखी खोल गेलं की जमिनीच्या उष्णतेनं त्यातनं तेल सुटतं.”

“क्येरोजन,” मायाप्पानं घोकलं. अक्कलकोट रोडच्या कारखान्यात वीस वर्षं टॉवेलचे तुटलेले धागे जोडणाऱ्या माणसाला हा एक शब्द काही जुळेना.

भूशास्त्रात एमएस्सी झालेल्या सोनालीला राजस्थानातल्या तेलविहिरींच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली होती. गुरुवारी निघायचं होतं. पण तिच्या बारशालाच आत्यानं तिला आपल्या मुलासाठी, बिरुदेवासाठी, मागून ठेवलं होतं, आणि मायाप्पानं मान डोलावली होती. आई गेल्यावर याच बहिणीनं त्याला लहानाचा मोठा केला. तिच्यापुढं ‘नाही’ हा शब्द त्याच्या तोंडून निघतच नसे. म्हणून त्यानं एक शहाणपणाची वाट काढली होती. पोरीचं काम अक्काला असं समजावून सांगायचं, की तिनं आपणहूनच म्हणावं, जाऊ दे बाई.

फुलाबाई कुटत होती. बाजारातल्या एका दुकानासाठी ती रोज शेंगाचटणी करायची. नोकरीचं पत्र येऊन आठ दिवस झाले होते, तिनं त्यावर अवाक्षर काढलं नव्हतं. आई आत्याच्या बाजूची आहे, असं सोनालीनं गृहीत धरलं होतं आणि तेच तिला फार लागलं होतं.

चंद्रव्वा आली. पिशवी ठेवली, तांब्याभर पाणी प्याली आणि ताटावर बसल्या बसल्या मुद्द्यावर आली.

“मायाप्पा, तारीक काढायची आता.”

मायाप्पानं घसा खाकरला.

“अक्का, त्याचं असं हाय. समुद्रात शेवाळ मरतंय. मग लई वर्सांनी त्याचं हुतंय रॉकेल...”

“रॉकेल?” चंद्रव्वाचा घास हातातच राहिला. “ते तर रेशनला कवाच बंद झालं की! आन त्येच्यासाटी पोरगी राजस्थानला धाडतोस व्हय?”

इतका वेळ रडकुंडीला आलेल्या सोनालीला हसू आवरेना.

“रॉकेल नव्हं, आत्या. केरोजन.”

“काय बी असू दे. जमिनीत तेलाचं तळं असलं तर मोटर लावा, उपसा. त्याला माझी सून कशाला पायजे?”

‘माझी सून’ ऐकल्यावर मायाप्पानं ताटात मान घातली. त्याच्याकडून आता काही होणार नव्हतं. सोनाली पुढं सरकून बसली.

“तळं नसतं, आत्या. सगळं खडकातच असतं. खालचा खडक वर काढतात, त्यातलं केरोजन भिंगाखाली बघायचं. पिवळं दिसलं तर ते कच्चं, अजून तेल सुटायचंय. तपकिरी दिसलं तर तेल सुटलंय. काळं पडलं असलं तर करपलं, तेल गेलं. हे ओळखायचं माझं काम.”

मुसळ थांबलं.

“रंगावरनंच वळकायचं?” फुलाबाईनं विचारलं.

“रंगावरनंच, आई.”

“पिवळं म्हंजी कच्चं. काळं म्हंजी करपलं.”

“हां.”

“आन करपलं की त्याला काय बी केलं तरी तेल सुटत न्हाय.”

“नाही सुटत.”

फुलाबाईनं चिमूटभर चटणी बोटांत घेऊन दाबली. बोटं तेलानं चमकली. वरून एक थेंब न ओतता तिची चटणी असं तेल सोडायची, म्हणून तर दुकानदार दुसऱ्या कुणाला काम देत नसे. कढईतला दाणा नेमका कधी उतरवायचा हे तिला लांबून, नुसत्या रंगावरून कळायचं. याला आजवर कुणी विद्या म्हटलं नव्हतं. तिनं स्वतःही नाही. आता तिला इतका आनंद झाला, की तो लपवायला ती पदरानं तोंड पुसत बसली.

चंद्रव्वानं भाचीकडं जरा निरखून पाहिलं.

“येवढं सगळं कुनी शिकिवलं गं हिला?”

सोनालीनं कॉलेजच्या सरांचं नाव घ्यायला तोंड उघडलं.

“म्या,” फुलाबाई म्हणाली.

सोनालीनं तोंड मिटलं. मायाप्पा बायकोकडं बघतच राहिला. पंचवीस वर्षांत नणंदेला तिनं ‘व्हय अक्का’ याखेरीज दुसरं उत्तर दिलेलं त्याच्या ऐकिवात नव्हतं.

चंद्रव्वानं भाकरीचा तुकडा मोडला, चटणीला लावला, सावकाश खाल्ला. मग विचारलं,

“आन माझ्या बिरूला काय सांगू?”

“सांगा, मामी न्हाय म्हनली.”

चंद्रव्वानं भावाकडं पाहिलं, भावजयीकडं पाहिलं आणि पुन्हा भावाकडं पाहिलं.

“मामी म्हनली म्हंजी ठीक हाय,” ती म्हणाली. “मामा न्हाय म्हनला म्हनून सांगितलं असतं, तर पोराचा इस्वासच बसला नसता.”

सगळ्यांच्या आधी मायाप्पाच हसला.